हार्टफेल म्हणायचं नाही

मी, खाली सही करणारा, वय एकेचाळीस, धंद्याने कंपाउंडर, पूर्ण शुद्धीवर आहे. ताईला शंका असेल तर तिने आजच येऊन भांडावं. उद्या माझा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापणार आहेत. मरायची मला अजिबात घाई नाही, पण व्यवस्था केलेली बरी.

१. माझ्या मालकीची खोली धाकट्या भावाला द्यावी. शेगडी मात्र देऊ नये. तिच्यावर मी चार वर्षं गोळ्यांपासून नशेचं इंजेक्शन शिजवलं. त्याला ते टोचायला मीच शिकवलं. हा गुन्हा एकट्या माझ्या नावावर ठेवावा, वाटण्या करू नयेत.

२. सुया उकळायचं माझं स्टीलचं भांडं भंगारात घालावं. माझा सगळा तोरा त्या भांड्यावर होता. धाकट्याला बजावायचो, "सुई उकळ रे, मग काही होत नाही." सुई चकचकीत आणि तिच्यातून टोचलेलं इंजेक्शनच विषारी, हे कंपाउंडर असून मला कळलं नाही. शिरा जळाल्या, मांस काळं पडून सडलं, हाड दिसू लागलं. जंतू रक्तातून हृदयापर्यंत गेले.

३. घड्याळ मेव्हण्याला मिळणार नाही. त्याने मला गर्दुल्ला म्हटलं याचा राग नाही, मी होतोच. पण पायाला वास यायला लागला तेव्हा त्याने डॉक्टरऐवजी अत्तर आणलं. घड्याळ ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला द्यावं. तिने एकदाही नाक मुरडलं नाही.

४. मी गेलोच, तर ताईने लोकांना "हार्टफेल" सांगू नये. घरी शिजवलेल्या इंजेक्शनने गेला, असं मोठ्याने सांगावं. लाज वाटली तर माझ्या नावाने बोटं मोडावीत, पण सांगावं.

५. धाकट्याच्या घोट्याजवळ काळा डाग आहे. काल म्हणाला, "दादा, डास चावलाय." गाढवा, मीही हेच सांगत फिरायचो! आज दाखवलंस तर पाय वाचेल. नशा सुटताना अंग मोडून येतं, त्यावरही इथे औषध देतात. तू मला हवा आहेस, दोन्ही पायांवर.

ठिकाण: सर्जरी वॉर्ड, खिडकीजवळची खाट.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी.

सही: कंपाउंडर

साक्षीदार: १. ड्रेसिंगची सिस्टर. २. शेजारच्या खाटेवरचा रंगारी.

ता. क. धाकटा साक्षीला सही करायला बसला होता. मी पेन काढून घेतलं. त्याची सही मला वरच्या मजल्यावर, भरती होण्याच्या कागदावर हवी आहे. सिस्टर त्याला आत्ताच घेऊन गेली.