लाली उतरवणारे थेंब

ती. ताई,

इथूनच पाया पडतो. मी बरा आहे, घोर लावून घेऊ नकोस.

गेल्या महिन्यात उजवा डोळा आला. शिलाई थांबू नये म्हणून आमच्या कटिंग मास्तरांचे डोळ्याच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब घातले. दोन दिवसांत लाली उतरली, मी खूश. डॉक्टर म्हणतात, त्या थेंबांत स्टेरॉइड होतं, त्यानेच विषाणू आत माजला आणि बुबुळावर पांढरं फूल पडलं. औषधाने ते वाढणार नाही, पण जाणारही नाही. कुणाचे दान केलेले डोळे आले, तर बुबुळ बदलतील. यादीत नाव घातलंय.

तुझे गुडघे कसे आहेत?

आईला सांगू नकोस. लहानपणी ती सुई ओवायला हाक मारायची आणि मी चिडायचो. काल मी शेजारच्या मशीनवाल्याला हाक मारली. तो चिडला नाही गं.

तुझा धाकटा