वाकड्या ओढ्याच्या वरच्या वळणाची व्यवस्था

मी, रेवणसिद्ध शिवप्पा बिराजदार, वय २६, शिक्षण सातवीपर्यंत, राहणार वळसंग, परवा शुक्रवारी सोलापुरात माझ्या पोटातल्या गाठीचे ऑपरेशन होण्यापूर्वी, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवत आहे.

१. आईवडील हयात नाहीत, लग्न झालेले नाही. घर, बैलजोडी आणि वाकड्या ओढ्याच्या वरच्या वळणाची सव्वादोन एकर जमीन माझी सख्खी बहीण रुद्राणी हिला मिळावी. थोरले चुलते तिप्पण्णा यांचा त्यात हक्क नाही. सायकल मित्र कुंडलिकला द्यावी. पुढचा ब्रेक लागत नाही, हे त्याला सांगावे.

२. ओढा माळावरून उतरून माझ्या रानाला वळसा घालतो. वळणावर डोह आहे, त्यात चैत्रापर्यंत पाणी टिकते. तिथून काकांचा पाट माझ्या रानातून खाली त्यांच्या उसाला जातो. बहात्तरच्या दुष्काळात काकांनी वडिलांना बेलभंडारा उचलायला लावून शपथ वदवून घेतली : "मी किंवा माझा मुलगा जिवंत असेपर्यंत पाट अडवणार नाही." शब्द काकांचेच. थोरल्या भावापुढे वडिलांनी मान वर केली नाही. पुढे आमची ज्वारी वाळू लागली तेव्हा त्यांनी एका दिवसाचे पाणी मागितले. काका म्हणाले, "शपत इसरलास व्हय, शिवप्पा? ज्वारीला आभाळ हाय की." वडील त्याच वर्षी गेले. शपथ मी आजवर पाळली आहे.

३. गेल्या सोमवारी पिठाच्या गिरणीत काका माझ्यादेखत म्हणाले, "रेवण्या टेबलावरनं उठत न्हाय आता. वरचं वळण घरातच येतंय की." सगळे हसले.

४. म्हणून, मी मेल्यास मला पाटातच पुरावे. डोहापासून बेचाळीस हातांवर पाट दोन खडकांमधून जातो, बरोबर तिथे. माती पुरुषभर खोल आहे, पाहिले आहे. पाटाला दुसरी वाट नाही; दोरीने तीनदा मोजले आहे. वर समाधी बांधावी. आमच्यात समाधीवरून कोणी पाणी नेत नाही. शपथ माझ्या हयातीपुरतीच होती. काका रडतील. रुद्राणीने भुलू नये, ते छान रडतात.

५. मोजणीची दोरी काकांना द्यावी. वाट शोधायला उपयोगी पडेल.

६. या कागदाची नक्कल साक्षीदारांनी उद्याच काकांना वाचून दाखवावी. म्हणजे शुक्रवारी सकाळी, मी जगावे म्हणून सिद्धेश्वराच्या देवळात अनवाणी जाणारा एक माणूस तरी नक्की असेल.

सही : रेवणसिद्ध शिवप्पा बिराजदार

साक्षीदार :
१) शिवयोगी गुरप्पा कोरे
२) त्रिंबक रामहरी माने

वळसंग, ता. ११ फेब्रुवारी १९७६