सवलत कोणालाही नाही

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. युनियनने मला शिक्षण प्रतिनिधी केलं. बिनविरोध! दुसऱ्या कोणी हात वर केला नाही, हा भाग वेगळा. काम: सभासदांना शिकायची गोडी लावणे. पगार नाही, पण मान आहे.
बायको आमच्याच खोक्यांच्या कारखान्यात पॅकिंगला असते. म्हणाली, बरं झालं, आता ऐकायला दुसरी माणसं मिळतील. कौतुक करायची तिची ही पद्धत.

गुरुवार, ६ मार्च
मोठी बातमी. कटिंगला, म्हणजे आमच्याच खात्यात, नव्या मशिनी येणार, सगळ्या स्क्रीनवाल्या. मालकांचं म्हणणं, कोर्स करेल तो मशीनवर, बाकीचे गोडाऊनला. सभेत कुजबुज सुरू झाली की जुन्या लोकांसाठी सवलत मागू या. मी ताडकन उठलो. म्हटलं, भीक कसली मागता? शिका! प्रमाणपत्र नाही तर मशीन नाही! सवलत कोणालाही नाही, पदाधिकाऱ्यांनाही नाही!
टाळ्याच टाळ्या. अध्यक्षांनी तोच ठराव करून मालकांना देऊन टाकला. वाक्य माझं, जसंच्या तसं.

सोमवार, १० मार्च
नावनोंदणी. मेहुणा (बायकोचा धाकटा भाऊ, पेस्टिंगला आहे) पळून चालला होता. कानाला धरून आणला. म्हणतो, दाजी, मला नाही जमायचं ते. त्याला चांगला झापला.
शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमचं नाव घालू का? मी नुसता हसलो. वाढप्याला कोणी पंगतीत बसवतं का?

मंगळवार, ११ मार्च
पहिला वर्ग. उद्घाटनाचं भाषण मी केलं. विषय: शिक्षणाचं महत्त्व. इतका रंगलो की बाईंना कॉम्प्युटर चालू करायला वेळच उरला नाही.

बुधवार, १२ मार्च
आज निम्मेच आले. महत्त्व अजून नीट पटलेलं दिसत नाही. उद्या जरा सविस्तर बोलेन.

बुधवार, १९ मार्च
अध्यक्षांनी बाजूला घेतलं. म्हणाले, तुम्ही वर्गाच्या बाहेर थांबा आणि चहाचं तेवढं बघा. जबाबदारी वाढत चालली आहे.
वर्ग पुन्हा भरला. माझ्या भाषणांचा परिणाम उशिरा होतो, पण होतो.
बाई म्हणाल्या, बाहेर उभंच आहात तर आत येऊन बसा की. म्हटलं, चष्मा विसरलो.

सोमवार, २४ मार्च
जेवणाच्या सुट्टीत वर्ग रिकामा होता. सहज एका स्क्रीनसमोर बसलो. कुठेतरी बोट लागलं आणि सगळं काळं झालं. खरं सांगतो, भीती वाटली. या वयात पोरासोरांसमोर चुकायचं?
बाईंना कळवलं की कॉम्प्युटर सदोष आहेत. त्यांनी माऊस हलवला, लगेच चालू झाला. तात्पुरता चालतो म्हणा.

बुधवार, २ एप्रिल
बायको म्हणाली, अहो, अजून वेळ गेलेली नाही, बसा ना वर्गात. तुमच्या मेहुण्याशेजारी खुर्ची रिकामी आहे. मी सांगितलं, तीन नंबरची मशीन माझ्या पावलांचा आवाज ओळखते, ती दुसऱ्या कोणाचं ऐकायची नाही. ती म्हणाली, ती मशीन भंगारात चालली आहे.
या बाईला भावनाच नाहीत.

शनिवार, १२ एप्रिल
परीक्षा. दारात मी स्वतः पहारा दिला. चिटपाखरू आत सोडलं नाही. चहासुद्धा बाहेरच गार झाला.
सगळे पास! मेहुणासुद्धा! बाहेर आला तो माझ्या गळ्यातच पडला. दाजी, तुम्ही कान धरला नसता तर, एवढंच बोलला आणि रडायला लागला. मलाही भरून आलं. याला म्हणतात यश.

सोमवार, २८ एप्रिल
फलकावर नवीन नेमणुका लागल्या. तीन नंबरच्या नव्या मशीनवर मेहुणा. माझ्या नावापुढे गोडाऊन. टायपिस्टची चूक.
तडक अध्यक्षांकडे गेलो. चूक नव्हती. म्हटलं, इतकी वर्षं काढली मी त्या मशीनवर, माझ्यापुरती काही सवलत बघा ना. ते हळूच म्हणाले, ठराव कोणाच्या वाक्याचा आहे, तुम्हाला ठाऊक आहे. ऑफिसात सगळे होते. कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मंगळवार, ६ मे
गोडाऊनला खोकी मोजतो. पाठ धरली आहे. मेहुण्याला मशीनवर बघायला नको म्हणून लांबून फिरून जातो.
नवीन वर्ग सुरू झाला. माझं नाव बायकोनेच घातलं, मला न विचारता. शिक्षण प्रतिनिधीही नवा: मेहुणा. त्याने भाषण केलं नाही, ही त्याची पहिली चूक.
स्क्रीनसमोर बसलो. त्याला हळूच म्हटलं, मला नाही जमायचं ते. वाटलं, आता हा झापणार, सव्याज परत करणार. त्याने कान धरला नाही. खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला.
म्हणाला, दाजी, आधी चष्मा लावा.
खिशातच होता.