उरलेला दोर

मेंडिप, सॉमरसेट
९ नोव्हेंबर १९५८

लाडक्या ऑब्री,

न्यूझीलंडला गेलास, तरी त्या दोरवाल्याच्या नावानं खडे फोडणं काही सोडलं नाहीस. परवाच्या पत्रातही तेच: "ताई, त्यानं दोर कमी दिला, म्हणून मी गुहेतल्या पाण्याखालच्या वाटेतून अर्ध्यावर परतलो; पुढच्या रविवारी तो दुसरा पाणबुड्या डेन्झिल पलीकडे पोचला आणि तिथल्या दालनाला त्याचं नाव लागलं!"

अरे, दोर कमी नव्हता. चाळीस फूट उरला होता. मी त्यावर बसले होते.

तू गुहेत उतरण्याआधी गिरणीच्या तळ्यात सराव करताना, लष्करानं विकायला काढलेल्या त्या ऑक्सिजनच्या संचातून श्वास घेता घेता तू बेशुद्ध पडलास. मीच ओढून काढलं. शुद्धीवर येताच म्हणालास, "कुणाला सांगितलंस तर बघ!"

नाही सांगितलं. पण गुहेत तू पाण्याखालून दोन हिसके दिलेस, म्हणजे आणखी दोर सोड, तेव्हा माझा हात सुटेना. उरलेलं वेटोळं स्कर्टखाली सारलं आणि तुला परत ओढलं.

हे टपालात टाकणार नाही. चिडून पत्रंच बंद करशील.

डेन्झिल तुझ्याहून शूर नव्हता रे. त्याचा दोर बहिणीच्या हातात नव्हता, एवढंच.

अजूनही त्या दोरावर बसलेली,
तुझी हेस्टरताई