आतड्याचा पीळ

सोमवार, ५

आलो एकदाचे! क्वार्टर लहान आहे, पण खिडक्या मोठ्या, नळाला पाणी, आणि प्रयोगशाळा आवाराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे चालत जाता येईल. माझ्या नवऱ्याने, ज्याला मी लग्नाआधीपासून बोका म्हणते, सामान उतरवायच्या आधी स्वयंपाकघर पाहून घेतलं आणि ओट्याला पसंती दिली. हवी तशी नोकरी मिळालीच, वर त्याच्या हर्नियाचं ऑपरेशन फुकट. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, घरच्यांचं सगळं इथल्याच इस्पितळात होतं, सर्जन त्यांचा मेहुणाच आहे. बोका म्हणाला, सरांच्या मेहुण्याला पोट देतोय, निदान तुला बढती तरी मिळू दे. वात्रट कुठला. आज मी फार खूश आहे.

बुधवार, ७

टेबल मिळालं. काचेच्या उभ्या नळ्या, त्यांना इथे बाथ म्हणतात. आत अंगाइतकं कोमट खारं पाणी, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. ऑपरेशनमध्ये कापलेल्या आतड्याच्या स्नायूची पट्टी दोऱ्याने आत टांगायची. वरचा दोरा काट्याला बांधायचा, काटा कागदावर रेघ काढतो. मग औषधाचा थेंब टाकायचा. मज्जातंतू जे रसायन सोडतो, तेच हे अ‍ॅसिटिलकोलीन. ते पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टर आत वर्दी देतो, पडद्यातली आयनांची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पट्टी आखडते. मी हे सरांना घडाघडा म्हणून दाखवलं. ते नुसते हसले.

शेजारी ताई बसतात. वयाने बऱ्याच मोठ्या, डोळ्यांखाली काळं. त्यांची एकच पट्टी, पहिल्या बाथमध्ये. तिला त्या औषध देतच नाहीत, नुसतं पाणी बदलत राहतात. हा कसला प्रयोग, असं विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं. खडूस आहेत.

शनिवार, १०

बोक्याचं ऑपरेशन काल झालं. आतड्याचा थोडा भाग अडकला होता म्हणे, तेवढा कापावा लागला. शुद्धीवर येताच जेवणाची चौकशी, म्हणजे ठीक आहे.

आणि इकडे सकाळी मला नवी पट्टी मिळाली. काय पट्टी आहे! एका थेंबाला काटा कागदाबाहेर. दुसऱ्या बाथमध्ये लावली आहे.

मंगळवार, १३

पट्ट्या एका दिवसात थकतात. ही थकतच नाही. सर मुद्दाम पाहायला आले. म्हणाले, हिच्यावर डोसची मालिका पुरी कर, पेपरवर पहिलं नाव तुझं. आता मी हे टेबल सोडत नसते.

बोक्याला घरी आणलंय. दुपारी पोटात कळा येतात म्हणतो. मी म्हटलं, जरा कमी हादड. रुसून बसला.

गुरुवार, १५

जेवायला घरी गेले होते. बोका मला हसवत होता. बोलता बोलता दुमडला. घामाने गच्च. नंतर प्रयोगशाळेत येऊन पाहते तर माझ्या मागे सरांनी पट्टीला एक डोस दिलेला. कागदावर वेळ तीच.

योगायोग, म्हटलं. मी एक थेंब टाकला आणि फोन लावला. त्याने उचलला, पण त्याच्या हातून खाली पडला. तो जमिनीवर ओरडत होता, ते ऐकलं.

खात्रीसाठी पुन्हा एक टाकला.

मालिकेतले शेवटचे दोन राहिले होते. ते पण टाकले. रेघ सुरेख आली. मला माझीच किळस येते आहे.

शनिवार, १७

सरांना विचारलं. नाही म्हणाले नाहीत. पट्टी जगली तर माणूस जगतो, असं चहा ढवळत म्हणाले. पुढचं ताईंना विचार म्हणाले.

ताईंनी मान खालीच ठेवून सांगितलं, पहिल्या बाथमध्ये आई आहे. पाणी शिळं झालं की तिकडे कण्हायला लागते. म्हणून ताई घरी जात नाहीत.

मी बोक्याच्या पट्टीला अ‍ॅट्रोपिन दिलं. ते रिसेप्टरवर जाऊन बसतं, मग कुणी कितीही अ‍ॅसिटिलकोलीन ओतो, वर्दी आत जात नाही. बोका शांत झोपला. पोट फुगलंय, पण झोपला.

सोमवार, १९

ऑक्सिजन सिलिंडरची गाडी आली नाही. सर बाहेरगावी. उरलेला एकच, त्याचा काटा खाली चाललाय. दोन पट्ट्यांना पुरणार नाही.

ताई उभ्या उभ्या पेंगत होत्या. मी म्हटलं, जरा डोळा लावा, मी बघते दोन्ही. त्यांनी माझा हात धरला. बाळा म्हणाल्या मला. बाकावर आडव्या झाल्या, लगेच घोरायला लागल्या.

मी पहिल्या बाथची ऑक्सिजनची तोटी बंद केली.

मंगळवार, २०

पहिली पट्टी पांढरी पडली. ताईंना घरून फोन आला. तोटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पदर खोचून निघून गेल्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं —

माझ्या बाथला ऑक्सिजन नेणारी रबरी नळी तडकली आहे. चीर डाव्या हाताने दाबून धरली आहे. सोडली की बुडबुडे बंद. लिहिते आहे म्हणून जागी आहे.

बोक्याचा फोन. दुखत नाही म्हणाला. घरी कधी येतेस विचारलं. येते म्हटलं —

ताई आल्या. दार आतून लावलं.

औषधांचं कपाट उघडलं —

काय टाकायचं ते टाकू देत. रिसेप्टर मी बंद केलेत. काही होणार नाही. काही होणार —

अ‍ॅसिटिलकोलीन नाही घेतलं. पोटॅशियम घेतलं. अख्खी बाटली.

पोटॅशियमला रिसेप्टर लागत नाही. ते दारं थेट उघडतं, सगळी एकदम, अ‍ॅट्रोपिन असलं तरी —

ताई, म्हटलं. पाया पडते. त्याने तुमचं काय —

अडवायला उठले तर हात सुटेल. हात सुटला तर —

झाकण काढतायत. फोन वाजतोय, बोक्याचाच, उचलायला हात ना