दारात तीन म्हशी

३ जाने. १९७५, सोलापूर
गंगाचं दिवसकार्य उरकलं. माणसं गेली. घरात मी, बाळी आणि सासूबाई. बाळीचं नाव ठेवायचं राहिलंय. गंगाने मनात काही धरलं असेल, मला बोलली नव्हती.

६ जाने.
मिलमधून अर्धी रजा टाकून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंना विचारलं, बाळंतपणात कोणाचं चुकलं?
"आताचं नाही हो. लहानपणी हाडं मऊ राहिली, कमरेचं हाड दबलं. बाळाला वाट अरुंद झाली. पोरीला पोटभर दूध नाही, ऊन नाही, की पुढे असं होतं."
गंगाचे पायही त्यामुळेच बाकदार. मला वाटायचं चालच तशी.
लग्न ठरताना तिच्या ठेंगणेपणावर सासरे म्हणाले होते, आमच्या घराण्यात उंचीच नाही. तिचे भाऊ आमच्या दारातून वाकून आत येतात.

९ जाने.
सासूबाईंना सरळ विचारलं. दुधनीला तुमच्या दारात तीन म्हशी, मग गंगाला दूध का नाही?
"पोरीला दूध दिलं की भराभर वाढती, जावईबापू. मग लवकर उजवावी लागती. आमाला तरी कुटं मिळालं?"
"मग दूध जायचं कुठे?"
"खवा करायचो. ऱ्हायलेलं पोरांना. तालमीला जायाची की."
म्हशींना सरकीची पेंड मात्र चुकत नव्हती.
पन्नाशीही नाही त्यांची, भिंत धरून उठतात. दिसतं मला. तरी राग जात नाही.

१४ जाने.
संक्रांत. शेजारचे तिळगूळ देऊन गेले. गोड बोला म्हणाले. घेतला.

१८ जाने.
गंगाचा थोरला भाऊ बसवराज आला. आईला न्यायला, बाळीलाही.
"दाजी, तुमी दिवसभर मिलमदे. हिला बगणार कोन? तिकडं दूधदुभत्याला काय कमी हाय?"
तेवढ्यात सासूबाईंनी बाळीसाठी उकळून ठेवलेलं दूध पेल्यात ओतून त्याच्यापुढे ठेवलं. एका दमात प्यायला, मिशी पुसली. सासूबाईंच्या ध्यानातही आलं नाही. बाळी रडायला लागली तेव्हा पातेलं उघडून बघत बसल्या.

१९ जाने., रवि.
आज सुट्टी, उद्या पुन्हा मिल. इकडे माझं बाईमाणूस कोणी नाही. सासूबाईंना म्हणालो, मामी, नेता तर न्या. पण हिला रोज दूध आणि सकाळचं ऊन. शब्द द्या.
त्यांनी बाळीला मांडीवर सरकवून घेतलं.
"घरात नातवं हायती. त्येंच्या म्होरं पोरीला पेला भरून कसा देऊ? सुनाबी बोलतील." मग हळूच, "चोरून देईन की."
चोरून. स्वतःच्या घरात, स्वतःच्या म्हशीचं.
खोटा शब्द दिला असता तर निदान भांडता आलं असतं.
त्यांचं गाठोडं बांधून झालंय. बसवराज म्हणतो, सकाळचीच गाडी धरू. मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हणावं, तर उद्या मिलचा भोंगा झाल्यावर हिला कोणाच्या मांडीवर ठेवून जाऊ?