वाळवणाच्या कडेचा फुटबॉल

सर, आपण जिंकलो. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही अधीर होऊन मांडीवर थापा मारत बसाल आणि मधलं काहीच ऐकणार नाही. जिल्ह्याची फायनल जिंकून आपल्या शाळेच्या पोरी विभागीय सामन्यांसाठी अमरावतीला चालल्या आहेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आताच्या पोरींसाठी तुम्ही म्हणजे ऑफिसातल्या फोटोतले मिशीवाले सर. त्यांची पी.टी.ची मॅडम मी आहे, हे ऐकून तुम्ही पोट धरून हसाल. मैदानाला चक्कर मारायची म्हटली की ऐन वेळी पोट दुखणारी तुमची विद्यार्थिनी मीच.

मैदान अजून तसंच आहे. दसरा जवळ आला की अर्धं गाव सोयाबीन वाळवायला शाळेत आणून पसरतं, आणि नाही म्हणायची कोणत्याच हेडमास्तरची टाप नाही. तुम्ही तर भांडायच्या भानगडीतच पडला नव्हता. मधला भाग गावाला देऊन टाकलात, कडेची पट्टी आपल्यासाठी मागून घेतलीत आणि नियम केलात, की जिच्या हातून बॉल वाळवणात जाईल तिनं ते अख्खं वाळवण भर उन्हात पायानं परतून द्यायचं. पहिल्याच दिवशी मी अडकले. मी म्हटलं, "सर, मी कुठं मारला? तिनं मारला, माह्या बाजूनं गेला फक्त." तुम्ही असे काही ओरडलात की वाळवणावरची कबुतरंसुद्धा उडाली. "बाजूनं गेला न? मंग थांबवला काहून नाई? बॉल आपला हाये, सोयाबीन त्याइचं हाये. कोनी बी मारो, त्याइच्यात जायाच्या आंधी थांबवाचा!" सबंध दुपार मी सोयाबीन परतत होते आणि मनातल्या मनात तुम्हाला शिव्या देत होते. त्यानंतर मात्र लाईनीकडे जाणारा बॉल दिसला की आम्ही जीव खाऊन त्याच्यामागे पळायचो.

तालुक्याच्या मॅचची सकाळ तर अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही आम्हा सगळ्या पोरींना घरी जेवायला बोलावलंय. काकू चुलीपुढे भाकरी थापतायत, आणि तुम्ही तिथंच पाटावर बसून सायकलच्या पंपानं बॉलमध्ये हवा भरताय. पीठ उडतंय. काकू म्हणतात, "अवो, बाहेर जा न तो बॉल घेऊन! भाकरीत हवा भरता का आता?" तुम्ही हसत हसत पंप मारतच राहता. मग मला एकटीला बाजूला बोलावून तुम्ही कॅनव्हासचे बूट हातात ठेवलेत. मी तोवर अनवाणीच खेळायचे. बूट मोठे होते, म्हणून काकूंनी उशीतला कापूस काढून पुढे कोंबला. ती मॅच आपण सपाटून हरलो, पण परतीच्या एसटीत सगळ्यात मोठ्यानं गाणी तुम्हीच म्हणत होता. हरल्यावर गाणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

तुमचा तो नियम मी पुढे चालवला नाही, सर, खरं सांगायचं तर बंद करायला निघाले होते. मी शिकून आले होते ना! बॉल बाहेर जात असेल तर जाऊ द्यावा, आपला थ्रो मिळतो, आपली गोलकिक मिळते, दम वाचतो. फळ्यावर चित्रं काढून शिकवलं. पण शाळेशेजारच्या आजी दुपारभर काठी घेऊन आपल्या सोयाबीनपाशी बसतात आणि बॉल आत आला की पोरीला हाताला धरून वाळवण परतायला लावतात. माझ्या फळ्यापेक्षा त्यांच्या काठीचा धाक जास्त. पोरी माझ्यासमोर माना डोलवायच्या आणि मैदानात बॉल लाईनीकडे निघाला की सुसाट सुटायच्या.

यंदा हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावून सरळ सांगितलं होतं, "मॅडम, अमरावतीले गेल्या तं ठीक. नाई तं पुढच्या साली फुटबॉल बंद, कबड्डी घेऊ. कबड्डीले बॉल बी नाई लागत." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुम्ही रुजवलेला खेळ माझ्या हातून संपणार, हे काही केल्या गिळवत नव्हतं.

फायनलला वाशिमच्या ग्राउंडवर समोर कारंज्याची टीम आली. सगळ्यांच्या पायात खिळ्यांचे बूट, अंगात एकसारखे कपडे. पहिल्या हाफमध्ये त्यांच्या पोरीनं मारलेला बॉल आमच्या गोलच्या बाजूनं सरळ बाहेर चालला होता. गोलकिक आमचीच होती. पण आमची मागं खेळणारी पोरगी, सगळ्यात द्वाड, धावत गेली, घसरली आणि तो लाईनीवरून आत ओढून आणला. थेट त्यांच्या पोरीच्या पायात! तिनं तो आरामात जाळ्यात ढकलला. मी डोक्याला हात लावला. हाफटाईमला मी तिला सगळ्यांसमोर झाडलं, "अवं, इथं लाईनीच्या बाहेर कोनाचं सोयाबीन हाये? जाऊ देत जा न!" ती खाली बघत म्हणाली, "मले समजते मॅडम, पाय आयकत नाई." आता हिला मागं ठेवलं तर आणखी एक गोल खाऊ, म्हणून मी तिला पुढं पाठवलं. तिथं निदान आपलं नुकसान तरी होणार नाही, एवढाच माझा हिशोब.

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही एक गोल फेडला. त्यांच्या गोलकीपरच्या हातून बॉल निसटला, देव पावला. मग मात्र दोन्हीकडच्या पोरी दमल्या. बरोबरी राहिली तर पेनल्टी, आणि पेनल्टीला आमची गोलकीपर डोळे मिटते हे मला ठाऊक होतं. रेफ्री घड्याळ बघायला लागला. तेवढ्यात आमच्या एकीनं मागून आंधळेपणानं उंच बॉल मारला. तो त्यांच्या गोलपासून लांब, कोपऱ्याकडे, सरळ बाहेर चालला होता. त्यांच्या पोरी थांबल्या. गोलकीपर तर गोल सोडून सावकाश बॉल आणायला निघाली. आमच्याही थांबल्या. आणि ती द्वाड एकटी सुटली! मी कडेवरून घसा फोडून ओरडतेय, हेडमास्तर खुर्चीवर उभे आहेत, आणि ती लाईनीवर अंग टाकते, पायाच्या टोकानं बॉल आत ओढते आणि पडल्या पडल्याच मध्ये ढकलते. तिथं आमची दुसरी पोरगी कमरेवर हात ठेवून दम खात उभी. बॉल तिच्या गुडघ्याला लागला आणि रिकाम्या गोलमध्ये गेला.

त्यांचे सर पंचाच्या अंगावर धावून आले, "आउट होता! आउट होता!" लाईनीवरच्या पंचानं मान हलवली. अख्खा बॉल लाईनीपलीकडे गेलेलाच नव्हता. लगेच शेवटची शिट्टी झाली. पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या, हेडमास्तर माझ्यासमोर चक्क नाचले आणि म्हणाले, "पुढच्या साली दोन टीमा काढू, मॅडम!" मी वळून बाजूला बघितलं, तुम्ही मांडीवर थाप मारताय का म्हणून. खूप आठवण आली, सर. रडलेसुद्धा.

पेपरवाल्यानं विचारलं, तर मी ऐटीत सांगून टाकलं, "लाईनीवरचा बॉल सोडायचा नाही, हे आम्ही मुलींकडून घोटून घेतो." त्यानं फोटोही काढला. परतताना एसटीत ती द्वाड माझ्या शेजारी येऊन बसली. "मॅडम, मी पळून राह्यली होती तवा तुमी काय वरडून राह्यल्या होत्या? मले काईच आयकू नाई आलं." मी म्हटलं, "बॉल आत आन, आत आन म्हणून राह्यली होती." ती खूष होऊन झोपली.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकणार नाही. तिथं आता काकू एकट्या आहेत, त्या शेजारणीकडून मोठ्यानं वाचून घेतील, आणि काकूंच्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. म्हणून फक्त तुम्हाला सांगते, सर. मी "सोड" म्हणून ओरडत होते.